बाटली क्रमांक 53-एन

दरवर्षी पावसाळ्यात पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी दोन तास घ्यायला जातो. निर्जंतुक इंजेक्शनं भरणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस गुणवत्ता विभागात. कंपन्यांची नावं सांगत नाही. मुलं बहुतेक लातूर, नांदेड, बीडकडची. कॉट बेसिसवर राहणारी, सकाळी पोहे चुकवून आलेली. त्यांना कायदे आणि कलमं सांगायला गेलं की डोळे मिटायला लागतात. म्हणून मी फळ्यावर फक्त चार ओळी लिहितो.

107 जणांना लस टोचली.
पाच बाटल्या वापरल्या.
19 जण धनुर्वातानं मेले.
सगळे 19 एकाच बाटलीतले.

आणि विचारतो, चूक कोणाची?

पाच मिनिटांत वर्गाचे दोन तट पडतात. अर्धी मुलं म्हणतात, टोचणाऱ्याची. अर्धी म्हणतात, बनवणाऱ्याची. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, नावं सांगा ना, मग सांगतो." त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले, कारण 1902 च्या या प्रकरणात सरकारनंही हेच केलं होतं. आधी नाव बघितलं, मग निकाल लावला.

ते नाव होतं वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन हे नाव आपल्याकडे माणसाचं राहिलेलंच नाही. मुंबईत ती परळची संस्था आहे, पिंपरीत तो बसचा थांबा शोधताना सांगायचा पत्ता आहे. तिथल्या तबेल्यातल्या घोड्यांपासून सर्पदंशावरची प्रतिविषं बनतात, एवढं पिंपरी-चिंचवडच्या जुन्या लोकांना ठाऊक असतं. आमच्या खात्यात लागलेल्या एका एम. फार्म. झालेल्या मुलानं मला सरळ विचारलं होतं, "हाफकिनचा फुल फॉर्म काय हो साहेब?" मी हसलो खरा, पण मला तरी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत कुठे माहीत होतं!

माणूस

जन्म 1860 चा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा. ज्यू कुटुंब. तिथल्या विद्यापीठात एली मेचनिकॉफच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकला. धर्म बदलला असता तर विद्यापीठात नोकरी मिळाली असती. त्यानं बदलला नाही. मग जिनिव्हा, आणि 1889 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. तिथं मोकळी जागा होती ती ग्रंथालयात, सहायकाची. ती त्यानं घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूंवर काम करायचं. 18 जुलै 1892 रोजी स्वतः बनवलेली पटकीची लस त्यानं आधी स्वतःला टोचून घेतली.

युरोपात तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नाही. लस खरोखर चालते का हे बघायचं तर पटकी जिथं रोजची आहे तिथं जायला हवं होतं. 1893 मध्ये तो कलकत्त्याला उतरला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत चाळीसेक हजार लोकांना टोचून झालं, मध्ये मलेरियानं अंथरुणाला खिळला, परत गेला, पुन्हा आला.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायची, पुढं ती कामाला येते. हाफकिन डॉक्टर नव्हता. प्राणिशास्त्रज्ञ होता. इंग्रज सरकारच्या वैद्यकीय खात्यात मात्र सगळे लष्करी डॉक्टर. त्यांच्यात हा रशियातून आलेला, ज्यू, वैद्यकीची पदवी नसलेला. काहींना तर तो रशियाचा हेर वाटायचा. कुठल्याही कारखान्यात बाहेरून थेट वरच्या जागेवर आलेल्या माणसाकडे जुनी मंडळी कशी बघतात ते डोळ्यांसमोर आणा.

तूप, बकरा आणि दहा जानेवारी

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्याच महिन्यात हाफकिनला मुंबईला बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक ओसरी दिली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. आजच्या भाषेत सांगायचं तर एवढ्यात क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणीची, लॅबसुद्धा मान्य होणार नाही.

लस कशी बनवायचा ते मी मुलांना मुद्दाम सविस्तर सांगतो. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. गाईचं नको, डुकराचं नको, कारण ज्यांना टोचायचं ते हिंदू आणि मुसलमान. म्हणून बकऱ्याचं मांस, आम्लात विरघळवून. त्या रश्श्यावर तो तुपाचे थेंब सोडायचा. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून चुन्याचे सुळे लोंबतात तसे. मग बाटली हलवायची, लोंबलेले तळाला बसायचे, वर नवे धरायचे. असं पाच-सहा आठवडे. शेवटी 65 ते 70 अंशांवर तासभर तापवायचं की जंतू मेले. वर थोडं कार्बॉलिक आम्ल, टिकाऊपणासाठी.

तुपाचं सांगितलं की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "साजूक?" विचारू देत. त्या निमित्तानं प्रक्रिया लक्षात राहते, आणि या प्रकरणात सगळी गोम प्रक्रियेत आहे.

10 जानेवारी 1897 रोजी ही लसही त्यानं स्वतःला टोचून घेतली, नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट जास्त. ताप आला, टोचलेली जागा सुजली, उतरली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली आणि तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचलं.

इकडे पुण्यात त्या तारखेनंतर बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्च 1897 रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याहून प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात आल्या आणि तोच रोग त्यांना लागला. मुंबईच्या त्या एका खोलीत लस होती. पुण्यातल्या माणसाच्या दंडापर्यंत यायला तिला अजून वेळ होता.

आणि लस येण्याआधी पुण्यात गोरे शिपाई आले. वॉल्टर चार्ल्स रँडची प्लेग कमिटी, घराघरांत शिरून झडत्या, रोग्यांना उचलून नेणं, सामानाची होळी. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. शिकवत नाहीत ते एवढंच की त्याच वर्षी, त्याच रस्त्यापासून फार तर तासभराच्या पायपिटीवर, खडकीत काय घडत होतं.

मी खडकीत वाढलो. वडील दारूगोळा कारखान्यात. त्यामुळे पुढचे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा ओळखीच्या गल्लीतून कुणी हाक मारल्यासारखं झालं. खडकीच्या तोफखान्यात काम करणारे देशी नोकरचाकर आणि त्यांची कुटुंबं, मिळून 1,530 माणसं. साथ भरात असताना त्यातल्या 671 जणांनी लस टोचून घेतली, 859 जणांनी नाही. न घेतलेल्यांत 143 जणांना प्लेग झाला, 98 मेले. घेतलेल्यांत 32 जणांना झाला, 17 मेले. म्हणजे शंभरात अकरा विरुद्ध शंभरात अडीच.

लस अमृत नव्हती. 17 माणसं टोचूनही गेली. पण एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर, एकाच उंदरांच्या राज्यात राहणाऱ्यांमध्ये एवढा फरक दिसला, तर आजचा कुठलाही संख्याशास्त्रज्ञ खुर्चीतून उठून बसेल. हाफकिन स्वतः सक्तीच्या बाजूचा नव्हता. ज्याला हवी त्याला टोचायची, हा त्याचा रिवाज. पण घरात बूट घालून शिरलेला सोल्जर आणि सुई घेऊन आलेला माणूस, दोघंही सरकारचेच. पुण्यातल्या माणसानं त्यांच्यात फरक करावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. एका खोलीतून थेट राजवाड्यात. आमच्या धंद्यात याला स्केल-अप म्हणतात आणि सगळे अपघात तिथंच दबा धरून बसलेले असतात.

मुलकोवाल, 30 ऑक्टोबर 1902

पंजाबात प्लेग वाढला होता. तिथल्या सरकारला लाखांनी मात्रा हव्या होत्या. पाच-सहा आठवडे रश्श्यात जंतू वाढवत बसलं तर एवढा माल निघणं शक्य नव्हतं. तेव्हा परळमध्ये पद्धत बदलली. रश्श्याऐवजी अगारवर, म्हणजे घट्ट जेलीवर, जंतू वाढवायचे, लवकर वाढतात. आणि कार्बॉलिक घालायचं बंद, फक्त उष्णतेवर भिस्त. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उष्णतेची रीत आधीपासून चालू होती, त्यामुळे हाफकिननं काही हवेतून काढलं नव्हतं.

30 ऑक्टोबरला मुलकोवाल गावात डॉ. इलियट यांनी 107 जणांना टोचलं. पाच बाटल्या लागल्या. आठवडाभरानं एकेकाचा जबडा धरायला लागला. 19 माणसं. सगळ्यांना 53-एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेलं. एकही वाचलं नाही. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झालं नाही.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, बरोबर दोन लष्करी डॉक्टर. त्यांच्यापुढं प्रश्न सरळ होता. घाण बाटलीत कधी शिरली? परळला भरताना, की मुलकोवालला उघडताना?

आयोगाचा निष्कर्ष, परळला. कार्बॉलिक वगळलं हा मोठा दोष धरला. हाफकिनला पदावरून दूर केलं, बिनपगारी. तो इंग्लंडला गेला.

त्याच आयोगापुढं इलियट यांची साक्ष झाली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. नियमाप्रमाणं चिमटा स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीतून काढायला हवा. मदतनिसानं तो कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता हिसळला आणि त्यानंच 53-एनचं बूच ओढलं.

इथं मी वर्गात थांबतो आणि पाणी पितो. मुलांना चिमटा दिसू द्यायचा असतो. पंजाबातलं गाव, ऑक्टोबरअखेर. जमीन कसली असणार? शेणामातीची. गुराढोरांचा, घोड्यांचा वावर. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठं? जनावरांच्या आतड्यात, शेणात, मातीत. आणि राहतात ते बीजाणू होऊन, कवच घालून.

तपासणी

आता धंद्यातला माणूस म्हणून दोन्ही बाजू उलटसुलट करून बघू.

आधी कार्बॉलिक. ते घातलं असतं तर 19 माणसं वाचली असती का? परळच्या लशीत ते अर्धा टक्का असायचं. एवढ्यानं धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत. ते फुटून वाढायचे थांबतात, इतकंच. 70 अंशांची उष्णताही त्यांना मारत नाही. त्यांना वाफेच्या दाबाखाली 121 अंश लागतात, पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे जुनी काय, नवी काय, दोन्ही पद्धती प्लेगच्या जंतूला पुरेशा आणि धनुर्वातापुढं तोकड्या. फरक एवढाच की घाण परळलाच शिरली असेल तर जुन्या पद्धतीत ती निपचित राहिली असती आणि नव्या पद्धतीत बंद बाटलीच्या तळाशी, हवा नसलेल्या जागी, मजेत वाढली असती. आयोगाचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नव्हता, हे कबूल करायला हवं. हाफकिनचे कैवारी एवढंही कबूल करत नाहीत, तेव्हा मला त्यांचाही राग येतो.

पण मग काही आठवडे वाढलेली बाटली कशी असेल? कुजका वास मारेल. उघडताना कुणाला वास आला नाही. शिवाय वाढलेल्या बाटलीत विष तयार होऊन बसलेलं असतं. तयार विष टोचलं तर माणूस लवकर आजारी पडायला हवा. इथं आठवडा गेला. आठवडा म्हणजे बीजाणू शरीरात शिरून, तिथं रुजून, तिथं विष बनवायला लागणारा वेळ. म्हणजे बोट चिमट्याकडे जातं.

उलट बाजूनंही एक शंका आहेच. चिमट्याच्या टोकाला लागलेली माती बुचाला लागणार, बुचाची बाटलीच्या तोंडाला, आणि त्यातून 19 च्या 19 जणांना पुरेल एवढी लागण होईल? एखाददुसरा सुटायला नको? वर्गातली हुशार मुलं इथं अडतात आणि बरोबर अडतात. मला स्वतःला विचाराल तर माझं मत सत्तर टक्के चिमटा. पण शंभर टक्क्यांच्या आवाजात जे लिहिलं ते आयोगानं लिहिलं.

आणखी एक. बाटली जाण्याआधी परळला नमुना तपासला असता तर सापडलं असतं का? आज आपण निर्जंतुकपणाच्या चाचणीला मोठ्या बॅचमधून 20 नग घेतो आणि 14 दिवस ठेवतो. बारा हजारांच्या बॅचमध्ये एकच नग खराब असेल तर तो त्या 20 मध्ये येण्याची शक्यता सहाशेत एक. चाचणी पास झाली म्हणून बॅच निर्जंतुक असते, असं गुणवत्ता विभागात फक्त नवीन माणूस समजतो. बॅच निर्जंतुक ठरते ती भरताना कोणी काय केलं यावरून, आणि ते खरं लिहिलं गेलं का यावरून.

आयोगाचा कागद सरकारनं 1906 अखेर प्रसिद्ध केला. मग इंग्लंडात बोलबाला झाला. मलेरियाचा डास शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसनं चिमट्याचा मुद्दा लावून धरला. त्यानं आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी सही केलेलं पत्र 1907 च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात गोवलेल्या खटल्याला फार वर्षं झाली नव्हती, लोक याला छोटं ड्रायफस प्रकरण म्हणायला लागले. त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी हाफकिनवरचा ठपका निघाला. परत आला तो कलकत्त्याला. परळची खुर्ची तोवर दुसऱ्याची झाली होती. नव्या लशींचे माणसांवर प्रयोग करायची मुभा त्याला मिळाली नाही. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, युरोपला गेला, अखेरची वर्षं धर्माभ्यासाकडे वळला आणि 1930 मध्ये लोझानला वारला. जमवलेला पैसा ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांना ठेवला.

1897 ते 1925 या काळात मुंबईतून त्याच्या प्लेगच्या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर गेल्या. 1925 साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं, तेव्हा तो हयात होता.

माझा चिमटा

हे प्रकरण मी का धरून बसलो आहे, ते आता सांगतो. वर्गात हे शेवटच्या वीस मिनिटांत येतं आणि तेव्हा कुणी पेंगत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. भोसरीकडची एक कंपनी. रात्रपाळीत व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, भरायची बॅच चालू. रबरी बुचं एका वाडग्यातून घसरत पट्टीवर येतात, मध्येच एखादं आडवं अडकतं. ते सोडवायला निर्जंतुक केलेला लांब चिमटा असतो. ऑपरेटर पंचविशीतला, जुन्नरकडचा. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या हातून चिमटा खाली पडला. त्यानं उचलला, अल्कोहोलनं पुसला आणि आणखी दोन वेळा वापरला.

अल्कोहोलनं बीजाणू मरत नाहीत. मुलकोवालच्या कार्बॉलिकच्या पाण्यानं मरत नव्हते, तसेच. एकशे दहा वर्षांत द्रव बदलला होता, हाताची हालचाल तीच.

पण या पोरानं एक गोष्ट केली. पाळी संपताना बॅचच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "चिमटा पडला. पुसून वापरला. 3.10." कोणी बघितलं नव्हतं. लिहिलं नसतं तर आम्हाला जन्मात कळलं नसतं.

सकाळी कागद माझ्या टेबलावर आला. मी बॅच होल्डवर टाकली आणि डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्याबाहेर काय घडलं त्याचा, फॉर्म भरला. कारण या रकान्यात लिहिलं: ऑपरेटरची चूक. उपाय या रकान्यात: पुन्हा प्रशिक्षण. एकूण चार मिनिटं लागली असतील. असे फॉर्म मी तोवर शेकड्यानं भरले होते. उत्पादन विभागाचे साहेब तर पुढं जाऊन म्हणाले, काढून टाका त्याला, बाकीचे सुधारतील.

आमच्या विभागप्रमुख मॅडम फर्ग्युसनच्या मायक्रोबायॉलॉजीवाल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी फॉर्म वाचला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अहो, ट्रेवर चिमटे किती होते?"

"एक."

"आणि तो पडला तर त्यानं काय करायचं होतं?"

लाइन थांबवायची, सुपरवायझरला बोलवायचं, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायच्या यंत्रातून, दुसरा मागवायचा. मी घडाघडा सांगितलं. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, तसंच होतं.

"रात्री तीनला ऑटोक्लेव्हवर कोण असतं?"

कोणी नसतं. ते मला माहीत होतं.

"पूर्वी ट्रेमध्ये दोन चिमटे असायचे असं मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "बघा बरं एकाचं कधीपासून झालं."

मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. सहा महिन्यांपूर्वीचा चेंज कंट्रोल, म्हणजे पद्धत बदलायच्या मंजुरीचा कागद, सापडला. ऑटोक्लेव्हच्या एका फेरीत जास्त सामान बसावं म्हणून प्रत्येक ट्रेमधला एक चिमटा कमी केलेला. तळाशी गुणवत्ता विभागाची मंजुरी. सही माझी.

फाइल घेऊन परत येताना जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो. खाली अंगणात तो पोरगा सायकलच्या स्टँडजवळ कुणाची तरी वाट बघत बसला होता. पाळी संपून तीन तास झाले होते. त्याला वाटत होतं आपल्याला बोलावतील.

मुलकोवालचं प्रकरण मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचलं. मॅडमनीच दिलेला झेरॉक्सचा गठ्ठा. आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या हातून पडलं त्याला धरा. तिथं उलटं झालं होतं, हातातून पाडणारा बाजूला राहिला आणि हजार मैलांवरच्या साहेबाला धरलं. पहिल्या वाचनात मला वाटलं, वा, म्हणजे आयोगानं तरी वरच्याला जाब विचारला, आपल्यापेक्षा बरे. दुसऱ्या वाचनात तसं वाटेना. दोन्हीकडे आधी माणूस निवडला होता आणि मग त्याला बसेल असं कारण. आमच्याकडे हातातला सगळ्यात स्वस्त माणूस, त्यांच्याकडे त्यांच्यातला नसलेला माणूस. गावात टोचायला पाठवताना बरोबर चिमटे किती दिले होते, हातातला पडला तर ऐन रांगेत मदतनिसानं काय करायचं होतं, हा प्रश्न कुणाचाच नव्हता.

हाफकिनचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. एवढी मोठी पद्धत बदलताना, आणि तीही मागणीच्या घाईत, त्यानं चार शत्रूंना आधीच कागदावर सामील करून घ्यायला हवं होतं. आज चेंज कंट्रोलवर सहा-सहा सह्या असतात त्याचं मुलांना हसू येतं. त्या सह्यांचा खरा उपयोग बॅच बिघडल्यावर कळतो. अर्थात माझ्या चेंज कंट्रोलवरही सहा सह्या होत्या आणि सहाही जणांनी न वाचता केल्या होत्या. हेही वर्गात सांगतो.

मी फॉर्म पुन्हा भरला. कारणाच्या रकान्यात माझा चेंज कंट्रोल क्रमांक लिहिला. बॅच नष्ट केली, बारा हजार व्हायल. चाचणीत पास झाली असती, जवळजवळ नक्की. उत्पादनवाले साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. पोरगा कामावर राहिला.

जाता जाता मुलांना एक माहिती देतो, ती परीक्षेत विचारत नाहीत. सावित्रीबाई ज्या हडपसरच्या वाटेनं त्या पोराला घेऊन आल्या, त्याच हडपसरला 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक होतं धनुर्वातावरचं प्रतिविष, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं. मुलकोवालला ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हाताशी असतं तर त्या 19 मधले काही कदाचित वाचले असते.

गेल्या दिवाळीआधी त्या भोसरीच्या कंपनीत जायचा योग आला. जुन्नरचा पोरगा आता पोरगा राहिलेला नाही, डोक्यावर टक्कल आलंय, आणि तिन्ही पाळ्यांचा फिलिंग सुपरवायझर तोच. मला काचेपलीकडून लाइन दाखवत होता. ट्रेवर तीन चिमटे होते. आणि पट्टीखाली, जमिनीवर, चौथा पडलेला.

"अरे, तो खाली पडलाय," मी म्हणालो.

"हो साहेब, दहा वाजता पडला," तो म्हणाला. "पाळी संपेपर्यंत तिथंच राहतो. उचलायचाच नाही, असं ठेवलंय."